टाकीखालची लाल दांडी

तेजस्विनीनं घरात पाऊल टाकलं, तर हॉलमध्ये दोन पाय पडलेले.

नुसते पाय. बाकीचा माणूस माशांच्या नव्या काचेच्या टाकीखालच्या कपाटात कमरेपर्यंत गडप. तिला वाटलं, भाऊच असणार, सुजित. ह्याला लोळायला आता कपाटही पुरायला लागलं! दिवसभर दापोडीच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून काढून ती वैतागलेली. तिनं पर्समधलं पेन काढलं आणि त्या उघड्या तळपायावर टाचेपासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

आत धाडकन डोकं आपटलं. मग जो चेहरा बाहेर आला तो सुजितचा नव्हता. सावळा, ओला, कानामागे पेन्सिल, केसांत पाइप कापल्याचा पांढरा भुगा, आणि डोळे असे की... राहू द्या. डोळ्यांचं कौतुक करायला बसलं की पोरी वाहून जातात.

"मला... मला वाटलं सुजित आहे."

"गणराज," तो कपाळ चोळत म्हणाला. "पण पायावर सुजित लिहिलं असेल तर तसं सांगा. सहीसकट चालेल."

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण सोफ्यावर बसलेल्या आईसमोर कसं हसायचं?

टाकी आईचीच हौस होती. कस्तुराबाई म्हणजे पिंपळे गुरवातल्या जुन्या घरातली सून. तीन मजली इमारत, वर-खाली भाडेकरू, मधल्या मजल्यावर हुकूम. नवरा दौलतराव टीव्हीचा रिमोटसुद्धा विचारून घ्यायचे. तीन आठवड्यांनी रविवारी तेजस्विनीला बघायला मारुंजीचे पाहुणे यायचे होते. मुलगा सलिल, आयटीत. "हॉल भरल्यावानी दिसाया पाहिजे," कस्तुराबाई म्हणाली, आणि पाच फुटी टाकी आली.

ती बसवायला आला गणराज. मूळचा लातूरकडचा, चाकणच्या कंपनीत पाइपफिटर. पहिली शिफ्ट, सुट्टी गुरुवारची, आणि संध्याकाळी लोकांच्या टाक्या जोडायचा.

तेजस्विनी चहा घेऊन आली, ती कपाटाशीच उकिडवी बसली.

"तीन तीन पाइप कशाला?"

"वरचं पाणी त्या कोपऱ्यातल्या खणात सांडतं. तिथून पाइपानं खालच्या ह्या टाकीत, सम्पमध्ये उतरतं. इथं गाळलं की पंप परत वर ढकलतो. पहिला पाइप सगळं पाणी नेतो, दुसरा उरलंसुरलं."

"आणि तिसरा?"

"तिसरा कोरडाच. पहिला तुंबला तर तो धावून येतो. नाहीतर सगळं पाणी तुमच्या हॉलमध्ये."

"म्हणजे आयुष्यभर नुसता उभा?"

"वेळेला उपयोगी पडला की झालं."

पहिल्या पाइपाच्या व्हॉल्व्हला लाल दांडी होती. ती जास्त उघडली की पाण्याबरोबर हवा ओढली जायची आणि टाकी गडगडायची. गणराज डोळे मिटून, कान लावून, दांडी केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिला... आणि एकदम सगळं चूप. त्यानं दांडीच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण केली.

"आता ही इथून हलली नाही पाहिजे."

"हलली तर?"

"मला यावं लागेल परत." तो पान्याकडे बघून बोलत होता. "शिफ्ट सुटल्यावर. चाकणहून. नाशिक फाट्याच्या गर्दीतून."

"अगंबाई, फारच त्रास."

"फारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी गडगडली.

"कसली मेली ही टाकी! घशात हाडूक अडकल्यावानी करतीया," कस्तुराबाई ओरडली. "बोलवा त्या गणराजला!"

तो आला. दांडी खुणेवर आणली, चहा प्यायला, गेला. चार दिवसांनी पुन्हा गडगड. पुन्हा तो आला. कोण फिरवतं, त्यानं विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. फक्त तिसऱ्या खेपेला ती सकाळी कपाटात वाकली, तर खुणेशेजारी पेन्सिलीनं इवलासा मासा काढलेला. चौथ्या खेपेनंतर... दोन. तोंडाला तोंड लावून.

"आईला काकू म्हणता, सुजितला भावा म्हणता," ती एकदा कप उचलता उचलता म्हणाली. "मला काहीच म्हणत नाही."

"शब्द सापडत नाही."

"लोक ताई म्हणतात."

"लोकांना म्हणू द्या."

कप बशीत वाजला.

पाहुणे यायच्या आधीच्या गुरुवारी तो न बोलावता आला. तिनं त्याला जिन्यातच गाठलं.

"आईनं आज सकाळी मला दांडी फिरवताना पाहिलंय. मला काही बोलली नाही. सुजितला म्हणाली, रविवारी पाहुण्यांच्या आधी गणराजला बोलाव, त्यालाच विचारते."

त्याचा चेहरा उतरला.

"विचारेल तेव्हा खरं सांगाल?"

"सांगतो."

"सगळं?"

"सगळं." मग जिन्याच्या कठड्याला नखानं टोकरत म्हणाला, "मोशीत दोन खोल्या बघून ठेवल्यात. पण... नळाला पाणी एकच तास येतं. सकाळी सहाला."

"मी भरून ठेवीन," ती म्हणाली.

ह्याहून गोड बोलणं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं आणि केलंही नव्हतं.

रविवारी सकाळी तिनं दांडी शेवटची फिरवली. गणराज कंपनीत खाडा करून आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्याला हत्यारांची पिशवी. तेजस्विनी साडी नेसून स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी. कढईत कांदा परतत होता आणि तिचं सगळं अंग कान झालं होतं.

"गणराज," कस्तुराबाई सोफ्यावरून म्हणाली, "खरं सांगायचं. ही दांडी कोन फिरवतंय?"

टाकी गडगडत होती. एका वाक्याचं काम होतं. त्यानं नव्या सोफ्याकडे पाहिलं, टीपॉयवरच्या फुलांकडे, टोपी सारखी करणाऱ्या दौलतरावांकडे, आणि मग दाराबाहेर काढलेल्या स्वतःच्या चपलांकडे.

"कुणी नाही काकू. दांडीच ढिली आहे. पाण्याच्या धक्क्यानं सरकते."

"माजी तेजू न्हाई ना फिरवत?"

"छे छे!" तो घाईनं म्हणाला. "ताईंचा काय संबंध?"

ताई.

कांदा करपायला लागला तरी तिला वास आला नाही.

कस्तुराबाई काही खुळी नव्हती. डोळ्यांनी पाहिलेलं ती विसरणार होती थोडीच? पण तिला खरं नकोच होतं. त्याच्या तोंडून 'नाही' हवं होतं, आणि ते फुकटात मिळालं.

"मग काडून टाक ती दांडी. पुन्ना भानगड न्हाई."

त्यानं दांडी खुणेवर आणली. आवाज थांबला. मग स्क्रू काढला, दांडी उपसली, खिशात घातली.

"आन् मागल्या दारानं जा बाबा. पुढनं पाव्हणं येत असतील."

मागचं दार स्वयंपाकघरातून. तो तिच्या पाठीशी येऊन थांबला.

"तुमचं नाव खराब झालं असतं," तो हळूच म्हणाला. "तुमच्यासाठीच..."

तिनं मान वळवली नाही.

"सरका. पोहे लागतील."

पाहुणे आले. सलिलच्या आईनं टाकीसमोर हात जोडायचेच बाकी ठेवले. "अय्या, किती शांत आहे हो! आमच्या शेजाऱ्यांची सारखी खळखळत असते."

सलिलला आणि तिला गॅलरीत बोलायला पाठवलं. "तुम्हाला काही विचारायचंय?" तो म्हणाला.

"चारचौघांत कुणी विचारलं, तर खरं सांगता?"

तो गडबडला. "सांगतो... म्हणजे, बहुतेक."

निदान बहुतेक तरी म्हणाला. तिनं होकार दिला. कस्तुराबाईनं साखर वाटली.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी गणराज आला. पुढच्या दारानं. आतल्या खोलीत कस्तुराबाई साड्या उलगडत होती. हॉलमध्ये तेजस्विनी एकटी, साखरपुड्याची यादी मांडीवर घेऊन. त्यानं तळहात पुढे केला. हातात लाल दांडी. घामानं ओली.

"परत बसवतो. आणि काकूंना आत्ता, आत्ताच्या आत्ता सांगतो सगळं. माझं चुकलं. चार रात्री झोप नाही मला..."

तिनं त्या दांडीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, तेच डोळे. एक क्षण, फक्त एक क्षण, तिचा हात यादीवरून उचलला गेला.

मग आतून कस्तुराबाईचा आवाज आला, "तेजू, कोन हाय गं?"

गणराजनं तोंड उघडलं. आणि चटकन, नकळत, दांडी धरलेला हात खिशात घातला.

तिनं हात परत यादीवर ठेवला.

"कुणी नाही गं," ती आतल्या दाराकडे बघून म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "काही काम नाही, दादा. आवाज बंद झालाय."

तो दाराकडे वळला. मग जिन्यावर पावलं वाजली, खालचं फाटक वाजलं, आणि संपलं.

ती टाकीशी गेली. कपाट उघडलं. लाल दांडीच्या जागी नुसता खुंट, शेजारी पेन्सिलीचे दोन मासे. तिनं पहिल्या पाइपाला कान लावला. सगळं पाणी त्याच वाटेनं खाली उतरत होतं, एकसारखं, न थांबता... आणि ऐकू मात्र काहीच येत नव्हतं.