शेपटीवाला सात

फ्लोरिननं ताडपत्री वर केली आणि बोटीच्या पुढच्या टोकावर हात फिरवला. कोरं लाकूड. नंबराचा मागमूस नव्हता. असणार तरी कसा? मेच्या सुट्टीत तिनंच पप्पांबरोबर बसून तो खरवडून काढला होता. उत्तनला पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढली, की जुना रंग असाच उतरवतात. नवा रंग थेट ऑगस्टच्या तोंडावर.

आणि काल आलेली मत्स्यखात्याची नोटीस म्हणत होती, हीच बोट तीन जूनला समुद्रात मासे पकडत होती! जून-जुलैत मासळी अंडी घालते, म्हणून सरकार मासेमारी बंद ठेवतं. बंदी मोडणाऱ्याचा परवाना जातो. नोटिशीसोबत ड्रोननं काढलेला फोटो होता आणि त्यात जेरोमचा, म्हणजे फ्लोरिनच्या पप्पांचा, नंबर चांगला ठसठशीत दिसत होता. कालपासून पप्पा धड जेवले नव्हते. दर्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

शांती नगरची वर्गमैत्रीण संचिता म्हणाली, की साहेबांना हे कोरं लाकूडच दाखवू या.

"बोलतील, काल खरवडला," मेल्रॉय म्हणाला. शेजारचा मेल्रॉय एरवी भारी बडबड्या, पण आज एवढंच बोलला.

संचितानं मोबाइलवर नोटिशीतला फोटो मोठा केला. "ए, हा सात असा काय गं? खाली शेपूट आलंय."

फ्लोरिननं मोबाइल जवळ ओढला. ते शेपूट तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. आकडे रंगवायचा छापा पप्पांनी आजीच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेतून कापला होता. कापताना ब्लेड घसरलं आणि साताला शेपूट फुटलं. दर वर्षी रंगवून झालं, की पप्पा ते चिंधीनं पुसून टाकत आणि फ्लोरिन खो खो हसे. दुसऱ्या कुणाला ते पुसायचं कुठून सुचणार?

"म्हणजे छापा ज्याच्याकडे, त्यानंच आपल्या बोटीवर पप्पांचा नंबर रंगवला! कुणाला दिलाय, पप्पांना विचारते."

"नको विचारू," मेल्रॉय खाली बघत म्हणाला. "आमच्याकडं हाय."

मेल्रॉयचे वडील बस्त्याव म्हणजे पप्पांचे जिवाभावाचे दोस्त. मेअखेरीस त्यांनी छापा मागून नेला होता आणि मग इंजिनाच्या कामाला म्हणून बोट भाईंदरच्या खाडीत नेली होती. फ्लोरिनला आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसतं रडू येत होतं. छापा घेऊन ये, असं सांगायला तिची जीभ रेटेना. न सांगताच मेल्रॉय उठला आणि घराकडे निघाला.

दुपारी मच्छीमार संस्थेच्या कचेरीत मत्स्यखात्याच्या साहेबांनी तो छापा फोटोशेजारी धरला. शेपटीला शेपूट जुळलं; संस्थेतल्या पप्पांच्या बोटीच्या जुन्या फोटोत मात्र साताला शेपूट नव्हतंच. छाप्यावर सगळे आकडे होते, पण ताजा पांढरा रंग पप्पांच्या नंबरातल्या आकड्यांनाच लागला होता. नोटीस मागे घेतो, असं साहेब म्हणाले, तसे पप्पा मटकन बाकावर बसले.

"आमच्या ड्रोनला जमलं नाही, ते तुम्ही करून दाखवलंत! छापा शोधला कुणी?"

फ्लोरिननं मेल्रॉयकडे पाहिलं. मेल्रॉय स्वतःच पुढे झाला. साहेबांनी कौतुकानं त्याची पाठ थोपटली. "शाबास! कुणाचा रे तू?"

"बस्त्यावचा," मेल्रॉय म्हणाला. "छापा आमच्याच घरात व्हता."

साहेबांचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला. फ्लोरिन जाऊन मेल्रॉयच्या शेजारी उभी राहिली.