दाबायच्या आधी

माझ्या सासऱ्यांचं बोट मोबाइलला कळत नाही. भाताची खाचरं आणि पखवाज यांत पन्नास वर्षं गेल्यामुळे त्यांच्या बोटांची टोकं इतकी घट्ट आणि कोरडी झाली आहेत, की काचेवर कितीही टेकवली तरी पडदा ढिम्म हलत नाही.

त्यांचं नाव बजरंग. घरात सगळे आबा म्हणतात. कुसगावच्या भजनी मंडळात ते पखवाजाला असायचे. मंडळ मोडून बारा वर्षं झाली, पण एकतीस कॅसेटी राहिल्या होत्या. माझ्या नवऱ्याने, पवनने, त्या लोणावळ्याच्या एका दुकानातून उतरवून आणल्या आणि आबांच्या मोबाइलमध्ये घातल्या. सुरुवातीला दिवसातून दहा वेळा हाक यायची, “सारिका, जरा लावून दे गं.” मग हाका थांबल्या. मला वाटलं, ऐकून कंटाळले. एके दिवशी कामावरून आले तर ते मोबाइल मांडीवर ठेवून काळ्या पडद्याकडे बघत बसले होते.

“सांगायचं ना आबा, मी लावून दिलं असतं.”

“किती येळा सांगायचं? तू बी दमून येतीस.”

मी उर्से इथल्या एका कारखान्यात पॅनेल वायरिंग करते. दिवसभर बटणं, दिवे आणि वायरीच माझ्या हातात असतात. माझ्याच घरात एका माणसाला दाबायला बटण नाही, याची मला लाज वाटली.

पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा संगणक मिळतो. त्याच्या कडेला पिनांच्या दोन रांगा असतात, त्यांना बटणं जोडता येतात. तो मी मागवला. सुपरवायझरला विचारून कारखान्यातून टेस्टिंगची चार बटणं आणली, मशीनवर असतात तसली जाड, स्प्रिंगची, दाबलं की खणखणीत ‘खट’ आवाज करणारी. हिरवं चालू आणि बंद करायला, पिवळं पुढच्या भजनाला, दोन काळी आवाज कमी-जास्त करायला. पेटी म्हणून चिक्कीचा पत्र्याचा रिकामा डबा घेतला.

रविवारी सकाळी पडवीत सगळं मांडून बसले. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं, अंगणात झोडपलेल्या भाताचा पेंढा रचलेला होता. मोबाइलमधली भजनं संगणकात घातली, डब्याच्या झाकणाला चार भोकं पाडली, आतून चिकटटेप लावली, बटणांच्या आणि एका छोट्या स्पीकरच्या वायरी सोल्डर केल्या. आबा शेजारी उकिडवे बसून बघत होते. दर पाच मिनिटांनी विचारत होते, “झालं का?”

पहिल्यांदा हिरवं दाबलं आणि भजन सुरू होऊन लगेच बंद पडलं. हे मला अपेक्षित होतं. बटण एकदा दाबलं तरी आतली पट्टी क्षणभर थरथरते आणि संगणकाला ते तीन-चार वेळा दाबल्यासारखं वाटतं. प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या, की एकदा दाबल्यावर थोडा वेळ बाकीचं ऐकू नकोस. शिवाय प्रत्येक बटण कधी दाबलं आणि कधी सोडलं, याची वेळ संगणकाने लिहून ठेवावी असंही सांगितलं. तो लॉग मला मोबाइलवर कुठूनही दिसेल अशी सोय केली.

“आबा, आता तुम्ही.”

आबांनी हिरव्या बटणावर अंगठा ठेवला. खट. बारा वर्षांपूर्वीचा त्यांचा स्वतःचा पखवाज पडवीत घुमला. त्यांनी पिवळं दाबलं, काळं दाबलं, परत हिरवं. मग ते इतके हसायला लागले की त्यांना ठसका लागला. मीही हसत सुटले. पवन चहा घेऊन आला तर आम्ही दोघं लहान पोरांसारखे टाळ्या पिटत होतो.

दुपारी जेवताना आबा सहज म्हणाले, “लय ग्वाड झालंय. पर मी दाबायच्या आदीच वाजतंय.”

“तसं वाटतं तुम्हाला.”

“वाटत न्हाई. आमच्या मंडळात बी पेटीवाला असाच आदी वळायचा. मी ठेका बदलनार हे त्याला कळायचं.”

मी हसले. पण जेवण झाल्यावर मोबाइलवर शूटिंग घेतलं आणि सावकाश चालवून पाहिलं. पखवाज आधी वाजत होता, खट नंतर होत होता. मध्ये एक सेकंद होता. लॉगमध्येही दाबल्याची वेळ बोट टेकण्याआधीची होती, आणि त्या खटने पुढे काहीच होत नव्हतं.

मी घाबरले असं कोणाला वाटेल. नाही. मला आनंद झाला. सतरा वर्षं वायरिंग करतेय, असा दोष कधी बघितला नव्हता. पिना बदलल्या. वायरी बदलल्या. संगणकाचं घड्याळ तपासलं. प्रोग्रॅम पुसून पहिल्यापासून लिहिला. सोमवारी अंतर नऊ सेकंदांचं झालं, मंगळवारी जवळजवळ मिनिटाचं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पायलला सांगितलं. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. ती म्हणाली, “वायर लूज असेल गं.” लूज वायर उशिरा चालते, लवकर कशी चालेल, हे तिला समजावताना माझाच आवाज चढला, आजूबाजूची माणसं बघायला लागली.

बुधवारी मी घरी आले तेव्हा चालू भजन मध्येच तुटून पुढचं लागलं. कोणी काही दाबलं नव्हतं. लागलेलं भजन आबांना आवडेना. “ह्यात मी नव्हतो, दुसराच वाजवतोय,” म्हणत थोड्या वेळाने त्यांनी पिवळं दाबलं. काही बदललं नाही. मी घड्याळ बघितलं. बरोबर चार मिनिटं झाली होती. ते भजन नको म्हणून आबांनी बटण दाबलं, आणि त्या दाबण्यामुळेच ते लागलं होतं.

“आबा,” मी म्हणाले, “यापुढे आपोआप काही वाजलं तर दाबायचंच नाही. बघू काय होतं.”

“आन् न्हाई दाबलं तर?”

“तेच तर बघायचंय!”

अर्ध्या तासाने भजन आपोआप थांबलं. आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून बसलो. तीन मिनिटं गेली. साडेतीन. चौथं मिनिट भरता भरता पवन बाहेरून आला आणि त्याने हेल्मेट धाडकन डब्यावर ठेवलं. हिरवं बटण खाली गेलं. खट.

आबा माझ्याकडे बघायला लागले. मी ओरडलेच, “योगायोग! उद्या परत!”

गुरुवारी रजाच टाकणार होते, पण काम होतं. पावणेसहाला घरी पोचले. सहा वाजून दहा मिनिटांनी भजन सुरू झालं. अंतर वाढलेलं असणार हे धरून मी खोलीचं दार लावलं, खिडकी लावली, डबा मधोमध पाटावर ठेवला. पवनला बाहेर उभं केलं. आबा खाटेवर बसले, मी भिंतीला टेकून खाली. पंखा बंद. बाहेर एक्स्प्रेसवेची अखंड घरघर, नेहमीची.

पंचवीस मिनिटं आम्ही बटणावरची नजर हलवली नाही.

सहा पस्तीसला हिरवं बटण खाली जाऊ लागलं. एकदम नाही. कोणी म्हातारं माणूस दाबेल तसं, हळू, अंदाज घेत. तळाला टेकल्यावर खट झालं. क्षणभर तसंच राहिलं आणि वर आलं.

माझ्या हातांवर काटा आला होता आणि तोंडावर हसू होतं. दोन्ही एकाच वेळी. “बघितलंत? आबा, बघितलंत तुम्ही?”

आबांनी पाय उचलून खाटेवर घेतले होते.

“बोटानं दाबलं,” ते म्हणाले. “पर आपल्यातलं न्हवं ते बोट.”

“म्हणजे?”

ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत. पवन म्हणाला, “सारिका, टाकून दे तो डबा.” मी म्हणाले, “रविवारपर्यंत थांब. फक्त रविवारपर्यंत.” मला ते कोणाला तरी दाखवायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं जे कोणाकडेच नव्हतं.

शुक्रवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी भजन आपोआप लागलं आणि मी जागी झाले. ती कॅसेट संपली. पुढे सात वीसला डबा पुसताना माझाच तळहात हिरव्या बटणावर पडला. दोन तास दहा मिनिटं. तो आकडा डोक्यात घोळवतच मी कामावर गेले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मोबाइलवर ओळ आली. ‘हिरवं. दाबलं.’

मी ‘सोडलं’ची वाट बघितली. ती ओळ लगेच मागोमाग येते. आली नाही. मिनिटभराने पाहिलं, आली नाही. पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, नाही.

म्हणजे सव्वा वाजता कोणीतरी ते बटण दाबणार होतं आणि बोट उचलणार नव्हतं. पवन कामावर होता. घरात आबा एकटे होते.

मी फोन लावला. आबांनी तो उचलला, बाजूचं बटण दाबून फोन घेता येईल एवढी सोय त्यांच्या मोबाइलला होती. मागे पखवाज वाजत होता.

“आपोआप लागलंय,” आबा म्हणाले. “मी हात लावला न्हाई.”

“लावू नका. तिथून उठा. अंगणात जाऊन बसा. मी येतेय.”

“काय झालं?”

“काही नाही. जेवायला येतेय.”

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जुन्या हायवेने स्कूटर पळवली. कामशेतला रस्त्यावर भाताच्या पोत्यांचा टेम्पो आडवा होता, तिथे दहा मिनिटं गेली. कुसगावात शिरले तेव्हा साडेबारा झाले होते. आबा अंगणात पेंढ्याला टेकून बसले होते, मुठीत गमछा धरून.

घरात जाऊन मी संगणकाची वायर काढली. चारही बटणांच्या वायरी कापल्या. बटणं फिरवून झाकणातून काढली, एका फडक्यात बांधली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. मग आबांना स्कूटरवर मागे बसवून सरळ आमच्या खाचरावर नेलं. तिथे ना घर, ना भिंत, ना झाड. भात कापून झालेला, नुसती धसकटं उरलेली. आम्ही बांधावर बसलो.

एक वाजला.

“भ्या वाटतंय का तुला?” आबांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. ते पूर्ण खोटं नव्हतं. माझं काळीज धडधडत होतं, पण परीक्षेच्या निकालाच्या दिवशी धडधडतं तसं.

एक दहा. लांबून एक्स्प्रेसवेवरचे ट्रक खेळण्यातल्यासारखे दिसत होते.

एक पंधरा.

आबांनी माझं मनगट धरलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते श्वास घेत होते. मी श्वास घेत होते.

एक सोळा. एक वीस.

काहीही झालं नाही.

“हरलं!” मी उठून उभी राहिले. “आबा, हरलं ते! वायर कापली, संपलं!”

आबाही हसले. पाच दिवसांनी त्यांना असं हसताना पाहिलं. त्यांना भूक लागली म्हणून मी जेवणाचा डबा काढायला पर्समध्ये हात घातला.

फडक्याची गाठ सुटलेली होती.

दोन काळी आणि पिवळं बटण जशीच्या तशी होती. हिरवं खाली गेलेलं होतं. तळापर्यंत. मी नखाने उचलायला गेले, ते आलं नाही. अडकलेलं बटण घट्ट असतं. हे घट्ट नव्हतं. किंचित थरथरत होतं, जसं बराच वेळ दाबून धरलेल्या हाताखाली थरथरतं.

त्या शुक्रवारपासून आज सतरावा दिवस. संगणक मी पुन्हा चालू करून ठेवला आहे. ‘सोडलं’ ही ओळ अजून आलेली नाही. अंतर रोज कित्येक पटींनी वाढत होतं, आतापर्यंत ते वर्षांचं झालं असेल. ते बोट पुढेमागे उचललं जाणार असतं, तर ती ओळ केव्हाच यायला हवी होती. आबा आता ऐकायला बसत नाहीत. पवन त्या खोलीत येत नाही. मी मात्र रोज कामावर जायच्या आधी बघून जाते.

हिरवं बटण खिडकीत ठेवलं आहे. अंगणातल्या पेंढ्याची बारीक धूळ सगळीकडे बसते, खिडकीवर, गजांवर, बटणाच्या कडेवर. बटणाच्या मध्ये बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर बसत नाही.