क्षितिजाखालचं लक्ष्य

टेकडीवरच्या त्या दुर्बिणीला माणसाची गरज नव्हती, आणि तिचं सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं होतं त्याला याचाच फार अभिमान होता. आकाशात कुठे काही क्षणभर भडकलं, की दुर्बीण हातातलं काम टाकून आपसूक तिकडे वळायची आणि ते विझायच्या आत तीन फोटो काढायची. नियम साधा: जो आधी विझणार, त्याचा नंबर आधी.

सोमवारी चाचणीसाठी त्याने 'क्षितिजाखाली वळू नये' ही ओळ काढली आणि परत घालायला विसरला. दुपारी दुर्बीण वाकली ती थेट कॅन्टीनच्या खिडकीवर स्थिरावली. पडद्यावर आकडा आला. उरलेला वेळ: चार तास.

"आपला आचारी तारा निघाला की रे!" दुर्बिणीचा मेकॅनिक म्हणाला. त्याला सगळे पाना म्हणत. दोघं पोट धरून हसले. आचाऱ्यालाही हाक मारून सांगितलं. त्याने खिडकीत येऊन केसांवरून हात फिरवला आणि ऐटीत उभा राहिला.

चार तासांनी तो पातेल्यावर कोसळला, तो उठलाच नाही.

ती ओळ त्याच संध्याकाळी परत घातली गेली. दोनदा तपासली.

गुरुवारी दुपारी दुर्बीण पुन्हा वाकली. या वेळी खाली वस्तीत, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्याच घरावर. उरलेला वेळ: तीन तास. पानाने दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरची वायर उपसली. काही फरक पडला नाही.

घरात दोघीच होत्या: त्याची आई आणि त्याची तीन वर्षांची मुलगी.

"एका दुर्बिणीने नुसती दिशा कळते," पाना हळूच म्हणाला. "कोण ते कळायचं तर एकीला हलव."

त्याने फोन लावला. "आई, छोटीला शेजारच्या काकूंकडे ठेव आणि मेडिकलमधून माझ्या गोळ्या आणतेस?"

"तुला काय धाड भरलीय? सकाळी दोन माणसांचं खाऊन गेलास."

"जा ना गं."

"जाते बाबा, जाते."

दहा मिनिटांनी दुर्बीण हलली. गल्लीतून, कोपऱ्यावरून, म्हातारीच्या चालीने, थांबत थांबत.

त्याने सुटकेचा सुस्कारा सोडला. पानाने तो ऐकला आणि दुसरीकडे बघितलं.

मग त्याला स्वतःचंच एक बटण आठवलं: 'लक्ष्य नाकारा'. नाकारलं की यादीतलं पुढचं.

त्याने दाबलं.

दुर्बीण मागे फिरली. काकूंच्या गॅलरीत खेळणाऱ्या छोटीवर थांबली. उरलेला वेळ: चाळीस मिनिटं.

"परत घे," पाना ओरडला. "अरे, तुझ्या नकारानेच तिची वेळ आली, परत घे ते!"

'नकार मागे घ्या' हेही बटण त्यानेच केलेलं. त्याखाली एक प्रश्न यायचा: नक्की?

त्याने 'होय' दाबलं.

दुर्बीण मेडिकलच्या पायरीवर परतली. एकेक करून तीन फोटो आले, अगदी स्वच्छ. गोळ्यांची पुडी हातात धरून आई पायरीवर उभी होती, नजर थेट भिंगात.

पहिल्या फोटोत तिची मान डावीकडे होती.

दुसऱ्यात उजवीकडे.

तिसऱ्यात परत डावीकडे.