चुन्याची रेघ

विद्याधर माईणकर जिना उतरत होते आणि त्यांचा हात कठड्याला लागत नव्हता. खाली स्वयंपाकघरात पोहे भिजवणाऱ्या शरयूताईंना हे न बघताच कळलं. पूर्वी या जिन्याला तेरा पायऱ्या, दोन विश्रांत्या आणि एक ‘आई गं’ लागायचं. आता नुसता टपटप आवाज यायचा, शाळा सुटल्यासारखा.

“अहो, जरा वयाला शोभेल असं उतरा,” त्या म्हणाल्या. “शेजारी काय म्हणतील?”

“शेजारीही असेच उतरतात.”

ते खरं होतं. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातल्या हॅझलबरी गावात त्या वर्षी सत्तरीपुढच्या एकशे बारा लोकांचे गुडघे एकोणीस वर्षांचे झाले होते. योजना सरकारी होती आणि तिचं नाव होतं ‘दुसरी इनिंग’. गुडघ्यात दोन हाडांमध्ये जी मऊ गादी असते, ती कूर्चा. म्हातारपणी ती झिजते आणि हाडावर हाड घासतं. योजनेत तरुण दात्याच्या चिमूटभर कूर्चेपासून प्रयोगशाळेत ‘बियाणं’ वाढवत आणि सुईने म्हाताऱ्यांच्या गुडघ्यात पेरत. सहा आठवड्यांत नवी गादी तयार व्हायची. तिच्याबरोबर मज्जातंतूंची नवी टोकंही उगवायची, पाय कुठे आहे आणि कुठे चाललाय हे मेंदूला सांगणारी.

माईणकरांनी चाळीस वर्षं गावच्या बेअरिंगच्या कारखान्यात काढली होती. दोन पृष्ठभाग एकमेकांवर न झिजता कसे फिरवायचे, यातले ते जाणकार. त्या ज्ञानाचा स्वतःच्या गुडघ्यांना काडीचा उपयोग झाला नाही, म्हणून सुई टोचून घेणाऱ्यांत त्यांचा नंबर तिसरा होता. शरयूताईंनी मात्र नकार दिला. “माझे दुखतात, पण माझे आहेत,” एवढंच त्या म्हणाल्या.

उन्हाळाभर गावच्या मैदानावर म्हाताऱ्यांचं बेसबॉल चाललं. माईणकर पहिल्या दिवशी बॅट हातात घेऊनच धावले. क्रिकेटमध्ये तसंच असतं, हे त्यांनी धावता धावता सगळ्यांना समजावून सांगितलं. शेजारचा डग प्रेस्कॉट, वय एक्याऐंशी, हसून हसून मैदानात आडवा झाला आणि कुणाच्याही मदतीशिवाय उठला. त्या उठण्यावर टाळ्या पडल्या.

या देशात खेळाडू पस्तिशीला निवृत्त होतो आणि सिनेटर नव्वदीलाही म्हणतो, आत्ता कुठे नजर बसलीय. उत्तरेकडच्या समुद्रातल्या युद्धाचं ते पाचवं वर्ष होतं. वितळलेल्या बर्फाखालचं तेल कुणाचं, असा प्रश्न होता. तो सोडवण्याचा निर्णय नव्वदीतल्यांनी घेतला होता आणि सोडवायला एकोणीस वर्षांची मुलं गेली होती. मधल्या वयाचे लोक टीव्हीवर चर्चा करत. डग युद्धाच्या बाजूचा होता. तरुणपणी तो भरती व्हायला गेला होता, पण गुडघ्यांपायी नापास झाला होता.

माईणकरांना दुपारी जेवणानंतर डुलकी लागायची. नव्या गुडघ्यांनंतर त्या डुलकीत एक मैदान येऊ लागलं. कापलेल्या गवताचा वास, खूप ऊन, आणि ते धावताहेत. कुठे जायचंय ते ठाऊक नाही, पण उशीर झालेला नाही, एवढं नक्की. मग पांढरी रेघ येते, मैदानाच्या कडेला चुन्याने आखलेली, आणि ते तिच्यावर पाय न देता टुणकन पलीकडे जातात. पलीकडे बर्फ असतो. तिथे ते एका बाकावर बसलेले असतात, शेजारी खांद्याला खांदा लावून बरेच जण, आणि सगळे कशाची तरी वाट बघत असतात. इथे जाग यायची. जागं झाल्यावर पाय गरम असायचे.

डॉक्टरांनी याला ‘चलनाभास’ म्हटलं. मज्जातंतूंची कोवळी टोकं शिकलेल्या हालचाली मधूनमधून घोकतात, काळजीचं कारण नाही, म्हणाले.

ऑक्टोबरात माईणकर घरपट्टीचा एक कागद घ्यायला गावच्या कचेरीत गेले. मोटारी लावायच्या जागेत पांढरे पट्टे होते. प्रत्येक पट्ट्यापाशी त्यांचं डावं पाऊल किंचित थबकायचं आणि उजवं टुणकन पलीकडे पडायचं. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. दाराशी गावची कारकून, नोरीन टॅलबट, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी होती. पन्नाशीची, मोजकं बोलणारी बाई.

“हे कुठे शिकलात?” तिने विचारलं.

“काय?”

“रेघ ओलांडणं.”

माईणकरांनी मागे वळून पट्टे बघितले. “बेसबॉलमध्ये करतात ना असं काहीतरी? चुन्यावर पाय पडला तर अपशकुन.”

“बरेच जण करतात. पण डावा पाय आधी थांबवून करणारा मला एकच माहीत आहे.” तिने जुडगा दुसऱ्या हातात घेतला. “माझा केलब पाच वर्षांचा असताना त्याचा डावा घोटा मोडला होता. तेव्हापासूनची सवय.”

केलब टॅलबट हे नाव गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात तो उत्तरेच्या बर्फावर गेला होता आणि परत आला तो पेटीतून.

भरती होताना मुलं एका कागदावर सही करत. बरंवाईट झालं तर शरीराचा उपयोग व्हावा, म्हणून. कुठला उपयोग, ते बारीक अक्षरात होतं. त्या वर्षी योजनेच्या खात्याने मोठ्या मनाने ठरवलं होतं की जिथला मुलगा तिथलं बियाणं. आपल्या गावाचं आपल्या गावाला. आणि हॅझलबरीत त्या वर्षी पेटी एकच आली होती.

“मिस्टर माईणकर,” नोरीन म्हणाली, “तुम्हाला घाई नसेल तर पुन्हा एकदा चालता का? त्या टोकापासून इथपर्यंत.”

माईणकर टोकाला गेले आणि परत आले. सात पट्टे होते. नोरीनने सातही उड्या बघितल्या. मग तिने कुलूप उघडलं आणि त्यांचा कागद काढून दिला.

घरी आल्यावर त्यांनी हे शरयूताईंना सांगितलं. शरयूताईंनी गॅस बंद केला आणि नवऱ्याच्या पायांकडे बघितलं.

“दमतो का हो तो?” त्यांनी विचारलं.



मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा असते. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडतात, दुपारी बटाट्याचं सूप आणि सफरचंदाची पाई असते, आणि गावचे ठराव तिथेच होतात. शहरांत लोक कागदावर किंवा यंत्रावर मत देतात. हॅझलबरीत उभं राहून देतात. आपण काय म्हणतोय ते शेजाऱ्याला दिसलं पाहिजे, अशी दोनशे वर्षांची रीत. यंदा अकराव्या क्रमांकावर एक अर्ज होता: हे युद्ध थांबवावं, अशी या गावाची काँग्रेसला, म्हणजे देशाच्या संसदेला, विनंती. काँग्रेस अशा विनंत्यांचं काय करते हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण राज्यातल्या चाळीस गावांत हाच अर्ज होता आणि व्हर्मांटचे एक सिनेटर अजून कुंपणावर होते.

आदल्या दिवशी डग येऊन बसला होता. शरयूताईंच्या चहावर त्याचा लोभ होता.

“विद, हिशेब साधा आहे. बियाणं दर वर्षी ताजं टोचावं लागतं. युद्ध थांबलं तर ताजं येणार कुठून? पुढच्या उन्हाळ्यात तू त्या जिन्यावर रडत बसशील.”

“आणि युद्ध चालू राहिलं तर?”

“तर आपण खेळू.” डगने कप ठेवला. “मी ही व्यवस्था केलेली नाही. मी फक्त धावतोय.”

“दुसऱ्याच्या पायांनी,” शरयूताई मराठीत म्हणाल्या.

“काय म्हणाली?”

“बिस्कीट घे म्हणाली,” माईणकर म्हणाले.

त्या रात्री आणि सकाळीही माईणकरांनी विचार केला. त्यांना वाटत होतं की युद्ध थांबावं. त्यांना जिनाही हवा होता. शेवटी त्यांनी त्या वयात माणूस करतो ते केलं: बसून राहायचं ठरवलं. बसलेला माणूस कुणाच्याच विरोधात नसतो.

सभेच्या दिवशी बाहेर बर्फ वितळत होता. व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर बास्केटबॉलच्या रेघा रंगवलेल्या होत्या. दारातून एकेक म्हातारा आत येत होता, पहिल्या रेघेशी त्याचं डावं पाऊल थबकत होतं आणि मग तो टुणकन पलीकडे जात होता. एकामागून एक, कोट, टोप्या, जाड भिंगांचे चष्मे, सगळे. पोरं हसत होती. कोपऱ्यातल्या टेबलामागून नोरीन बघत होती. ती हसत नव्हती.

सभापती होते शाळेचे जुने व्यायामशिक्षक हॅलरन, ज्यांचा आवाज माइकला लाजवायचा. अकरावा अर्ज वाचून झाला. डग बोलला, एक शिक्षिका बोलली. मग हॅलरन म्हणाले, “अर्जाच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहावं.”

माईणकर उभे राहिले.

आपण उभे आहोत हे त्यांना क्षणभराने कळलं, झोपेत कूस बदलल्यावर कळतं तसं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. रांगाच्या रांगा उभ्या होत्या, खांद्याला खांदा लावून. डगही उभा होता, तोंड अर्धवट उघडं. शेजारी शरयूताई अजून उठत होत्या. एक हात खुर्चीवर, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, ओठ घट्ट मिटलेले. पूर्ण उठायला त्यांना बराच वेळ लागला. नोरीन पेन्सिल घेऊन रांगांतून मोजत गेली.

“हरकत आहे,” डग ओरडला. “ही सवय आहे. सैन्यात त्या मुलांना ऊठ म्हटलं की उठायला शिकवतात. हॅलरनच्या आवाजाने गुडघे उठले, मी नाही.”

हॅलरननी विचार केला. माणूस न्यायी होता. “खाली बसा,” ते म्हणाले. शरयूताई सोडून सगळे बसले. “सवय असेल तर पुन्हा दिसेल.” आणि तोच आवाज, तितकाच मोठा: “अर्जाच्या विरोधात असतील त्यांनी उभं राहावं.”

मागच्या रांगांतले वीसएक मधल्या वयाचे लोक उठले. पुढच्या रांगांत काहीच हललं नाही. डगने दोन्ही हातांनी खुर्ची दाबली, मान ताठ केली, चेहरा लाल झाला. खुर्ची करकरली. गुडघे जागचे हलले नाहीत. छताच्या पन्हळीतून वितळलेलं पाणी ठिबकत होतं, ते ऐकू येऊ लागलं.

“माझं मत विरोधात आहे,” डग अगदी हळू म्हणाला. “नोरीन, लिही.”

“इथे बोललेलं धरत नाहीत, डग. उभं राहिलेलं धरतात.”

ती माईणकरांपाशी आली. “मिस्टर माईणकर, तुम्ही तरी सांगा. मघाशी तुम्ही उभे राहिलात?”

माईणकर इंजिनियर होते. माहीत नसलेली गोष्ट ते माहीत आहे म्हणून सांगत नसत. त्यांनी मांड्यांवर हात ठेवले. पाय गरम होते, धावून आल्यासारखे. “मी बसायचं ठरवलं होतं,” ते म्हणाले. “पण उभा राहिल्यावर परत बसावंसं वाटलं नाही. ते वाटणं माझं होतं की नाही, ते मला सांगता येत नाही.”

नोरीनने मान हलवली. तिच्या हातात गावच्या मतदारांची यादी होती. टी या अक्षराखाली एक नाव चौदा महिने झाले तरी तिने खोडलं नव्हतं. त्या मुलाने अजून एकदाही मत दिलेलं नव्हतं. पहिल्या गावसभेआधीच तो गेला होता.

ती हॅलरनकडे वळली. शरयूताई अजून उभ्याच होत्या, कारण त्यांना पुन्हा बसायलाही वेळ लागायचा.

“मागचे मी मोजलेत,” नोरीन म्हणाली. “मिसेस माईणकरांचं धरलंय. या पुढच्या रांगांचं तेवढं सांगा. एकशे बारा लिहू, की एक?”