न झिजणारी तबकडी

माळ्याच्या शिडीवरून ठमी खाली उतरली तेव्हा तिच्या हातात निळ्या लुगड्याचं गाठोडं होतं. चुलीपुढे बसलेल्या तिच्या सावत्र आईने, नलूने, ते गाठोडं पाहिलं मात्र, तव्यावरची भाकरी उलटायची ती विसरूनच गेली... बारा वर्षं जे तिने कुणाच्या दृष्टीस पडू दिलं नव्हतं, ते आज, ठमीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना, ज्या पोरीपासून लपवलं तिच्याच हाती लागलं होतं!

लग्नासाठी मोठी पातेली काढायला ठमी माळ्यावर चढली होती. गाठोड्यात फोनोच्या पाच तबकड्या निघाल्या, पाचही एकाच गाण्याच्या. त्यांतल्या सर्वांत जुन्या तबकडीच्या मधल्या कागदावर केसांच्या आकड्याने कोरलेला एक वाकडातिकडा 'स' होता. ठमीची आई सगुणा लिहायला शिकली ती एवढं एकच अक्षर, आणि ते तिने आपल्या लाडक्या तबकडीवर कोरलं होतं, असं ठमीला तिच्या आजोबांनी कितीदा तरी सांगितलं होतं. घरात रोज वाजणाऱ्या तबकडीवर तिने तो 'स' लहानपणापासून शोधला होता. सापडला नाही तेव्हा, पुसला गेला असेल, अशी मनाची समजूत घातली होती.

"ही माझ्या आयेची," ठमी म्हणाली. "मंग फोनोवर हाय ती कोनाची?"

नलूने पदराला हात पुसले.

"बारा वर्सं माझ्या आयेला माळ्यावर कोंडलंस तू, मावशी. तिच्याच लुगड्यात बांधून." पोरीचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "हळदीला माझ्या अंगाला हात लावायचा न्हाय. आत्या लावंल हळद."

हळद लावायचा पहिला मान आईचा. बारा वर्षं नलूने मनातल्या मनात त्या एका सकाळची वाट पाहिली होती. रामचंद्र, तिचा नवरा, रेवसच्या बंदरात लाँच लावून नुकताच दारात आला होता. त्याने सगळं ऐकलं आणि, अगं काहीतरी बोल, असं बायकोला विनवलं. पण नलूने नुसता तवा खाली उतरवला आणि भाकरी करपली म्हणाली.

काय सांगणार होती ती? आणि सांगून ते कुणाला खरं वाटणार होतं?

बिजवराला दिलेली नलू या घरात आली तेव्हा ठमी पाच वर्षांची होती. सगुणा क्षयाने खोकून खोकून गेली, त्याला वर्ष झालं होतं. सगुणाचे वडील किहीमला एका पारशी शेटच्या बंगल्यावर माळी होते, त्यांच्याकडून तो कर्ण्याचा जुना फोनो आणि ती एक तबकडी लेकीबरोबर आली होती. चांदण्याचं संथ गाणं होतं, कुणा गाजलेल्या बाईने गायिलेलं. आई कुठं गेली म्हणून पोर रडायची, तेव्हा दुःखाने वेडा झालेला रामचंद्र एकदा बोलून गेला होता, "ही काय, हितंच गाते हाय तुझी आय." पोरीने ते खरं मानलं. रोज दिवेलागणीला ती कर्ण्याशी कान लावून बसायची, अंगणात माडांच्या सावल्या लांब व्हायच्या, खाडीवरून भरतीचा वास यायचा, आणि त्या सगळ्यातून तो आवाज असा तरंगत यायचा की जणू पाण्यापलीकडून कुणीतरी हाका मारतंय...

तेवढा वेळ नलू परसात जाऊन बसायची. मायलेकींच्या मध्ये आपण कशाला, असं तिला वाटायचं.

पण एकच पोलादी सुई महिनोन्‌महिने चालवली की तबकडी किती दिवस धरणार? पुढच्या शिमग्याच्या सुमाराला गाण्यात खरखर सुरू झाली. पहिल्या दिवशी ठमी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी नलू परसातून आत आली तर कर्ण्यापुढे आडुळशाच्या काढ्याची वाटी ठेवलेली, आणि पोर शेजारी उकिडवी बसलेली.

"आयेला परत खोकला झालाय," ती हळूच म्हणाली. "आता परत मरंल ना ती?"

 चार दिवसांनी नलू पांढऱ्या कांद्याच्या माळा डोक्यावर घेऊन नवऱ्याच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरली, भायखळ्याला माळा विकल्या, आणि विचारत विचारत जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या बोहऱ्याच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिली. सोबत आणलेली तबकडी दाखवून, अशीच दुसरी हवी, पण खोकणारी नको, असं सांगितलं. म्हातारा आधी हसला, मग हसायचा थांबला.

नवी घ्यायची नलूची ऐपत नव्हती. पण गाणं गाजलेलं, तेव्हा जुन्या ढिगात त्याच्या चार-पाच तबकड्या निघाल्या. त्यांतली चांगली कशी ओळखायची ते म्हाताऱ्याने तिला शिकवलं. उन्हात तिरकी धरायची. विहिरीच्या पाण्यासारखी काळी चमकली तर घ्यायची, राखेसारखी दिसली तर ठेवून द्यायची. बोटाने टिचकी मारायची, मडक्यासारखी बद्द वाजली तर कुठंतरी चीर आहे. शिवाय त्या आणि पुढच्या प्रत्येक खेपेला त्याने तिला सुयांची एक पुडी फुकट दिली.

घरी आल्यावर नलूने सगुणाच्या तबकडीवर होता तसाच कुंकवाचा टिळा नवीवर लावला. 'स' मात्र तिने काढला नाही. तिला अक्षर येत नव्हतं. तो तिला नुसता ओरखडा वाटला होता. त्या संध्याकाळी गाणं स्वच्छ, शांत वाजलं. ठमीने टाळ्या पिटल्या आणि कर्ण्यापुढची वाटी स्वतः उचलून नेली.

तेव्हापासून दर दोन-अडीच वर्षांनी, पावसाळ्यात लाँच बंद व्हायच्या आत, नलू मुंबईला जाऊन यायची. पोर मोठी झाली, शाळेत जाऊ लागली, गाणारी आपली आई नव्हे हे तिला कळलं. तरी आईचा हात या तबकडीला लागलेला आहे आणि ती झिजत नाही, एवढं तिने घट्ट धरून ठेवलं होतं. ते तिच्या मुठीतून सोडवायचं नलूच्या जिवावर आलं... गावात बायका म्हणायच्या, रामचंद्राच्या बायकोला मुंबईची चटक लागली. नलू ते ऐकून घ्यायची.

गाठोडं सापडलं त्या दिवशी दुपारभर नलू लग्नाची पातेली घासत बसली. ऊन कलल्यावर ठमीने आईची खरी तबकडी फोनोवर ठेवली. आज पहिल्यांदा माझी आय वाजंल, असं ती मावशीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, आणि तिने चावी दिली. नलू नेहमीसारखी परसाकडे निघाली.

सुई टेकली, आणि कर्ण्यातून गाणं आलंच नाही. आली ती खरखर, आधी वाळूवरून होडी ओढावी तशी, मग छातीत घरघरणाऱ्या खोकल्यासारखी, आणि तिच्या खाली कुठंतरी खोल बुडालेला एक बारीक आवाज... ठमी ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिला आडुळशाचा कडू वास आला. वाटी आठवली. गार जमिनीवर उकिडवं बसणं आठवलं. आणि मग, कित्येक वर्षांत आठवलं नव्हतं ते आठवलं : एका संध्याकाळी आई अचानक बरी झाली होती, आणि त्याच संध्याकाळी मावशी धुळीने माखलेल्या पायांनी दारातून आत आली होती.

ठमीने गाठोड्यातल्या बाकीच्या तबकड्या एकेक करून उन्हात धरल्या. चारही राखेसारख्या झाल्या होत्या. चारींवर कुंकू होतं. फोनोवरून काढून ठेवलेली तेवढी काळीभोर होती.

चारही तबकड्या घेऊन ती परसात गेली तेव्हा नलू माडाच्या बुंध्याला टेकून बसली होती.

"आय बरी झाली ती तू आणलीस?"

नलूने मान डोलावली.

"आणि ह्या झिजल्या त्या टाकल्या का न्हाईस?"

"आजारी मानसाला कोन टाकतं, बाय?" नलू म्हणाली. "हिच्या अंगावर तू मोठी झालीस. मंग हिच्या, मंग हिच्या. लुगडं तुझ्या आयेचं होतं, म्हटलं तिच्याच पदराखाली राहू देत."

ठमी तिच्या मांडीवर कोसळली. किती वेळ कोण जाणे, दोघी तशाच होत्या, आणि आतून ती बुडालेली बाई संपेपर्यंत गात राहिली. रडता रडताच ठमीने सांगून टाकलं की हळद मावशीच लावील, आत्या रुसली तर रुसू दे. आणि सासरी उरणला आपण ही खोकणारीच नेणार, कारण आई होती तशी आपली आहे.

"मंग ती चांगली तुला ठेव," ती डोळे पुसत म्हणाली. "तुला आवडतं ना ते गानं?"

नलू गोंधळली. खूप विचार करून, जणू काही गुन्हा कबूल करावा तशी ती म्हणाली, "म्या पुरतं ऐकलंच न्हाय कदी. घरात तुमी दोघी असायच्या, परसात तुटक तुटकच यायचं. आणि दुकानात चाचा सांगायचा, गान्याच्या आधीचं ऐक. गानं चालू झालं की खरखर त्यात बुडते, कळत न्हाय. बाई गायला लागली की म्या सुई उचलायची."

"मंग बारा वर्सं तू काय ऐकलंस?"

"गप्प हाय का न्हाय, तेवढंच."

मावशीसाठी तिची अशी एक तबकडी घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने दोघी मुंबईला गेल्या. गावात हसणारे हसले. लग्नाला सात दिवस उरलेले आणि सावत्र मायलेकी समुद्रावरून निघालेल्या! रामचंद्र सुकाणूवर होता. त्याने लाँच त्या दिवशी फार अलगद चालवली.

दुकानात ठमीने मावशीला सांगितलं, तुला हवी ती निवड. नलूला काय हवं ते ठाऊकच नव्हतं. तिने ढिगातून एक तबकडी काढली, उन्हात तिरकी धरली, टिचकी मारली. बोहरी आता पार थकला होता. त्याने ती फोनोवर ठेवली.

पहिल्या वळणांवर काहीच नव्हतं. पहाटेच्या खाडीसारखी निवांत, निर्मळ शांतता... नलूने समाधानाने मान डोलावली. मग कुणीतरी अनोळखी पुरुष गाऊ लागला, आणि सवयीने तिचा हात सुईकडे गेला.

ठमीने तिचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. पुढं ऐक."

नलू उभीच्या उभी राहिली. बाजारातल्या हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या, सगळं दूर दूर गेलं. गाणं तिच्या अंगावरून भरतीसारखं चढत गेलं, आणि तिला कळेना की डोळे कुणासाठी भरून आले. सगुणासाठी, पोरीसाठी, की बारा वर्षं परसात बसलेल्या त्या दुसऱ्या बाईसाठी... ठमीने मनगट सोडलं नव्हतं. तीन मिनिटांनी गाणं संपलं. सुई मोकळ्या वळणात फिरत राहिली, आणि बोहऱ्याने ती उचलून तबकडी कागदात गुंडाळायला घेतली.

"चाचा, जरा थांबा," नलू लाजत म्हणाली. "हिच्या दुसऱ्या अंगाला काय हाय?"