गुलाबी प्रत

टेम्पोवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला आणि स्वरूपाने टाइपरायटरच्या टपावर एक सणसणीत चापट मारली.

"अहो, मारायलाव कशाला त्याला?"

तिने वळून पाहिलं. दारात एक अनोळखी तरुण उभा होता. कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट, कपाळावर हेल्मेटचा वळ आणि चेहऱ्यावर असं हसू, की एरवी बरं वाटलं असतं. पण आज स्वरूपाचं डोकं आधीच भट्टीसारखं तापलेलं होतं.

भोसरी एमआयडीसीतल्या अर्जुनरावांच्या या वर्कशॉपमध्ये गिअर, पिना, डाय असला माल भट्टीत तापवून कडक करून मिळत असे. माल कडक झाला की तसं सर्टिफिकेट द्यायचं, हे स्वरूपाचं काम. आता भाजीवालीसुद्धा मेथीच्या जुडीशेजारी क्यूआर कोड टेकवून बसते. पण अर्जुनरावांचं सर्टिफिकेट निघायचं ते एका राखाडी, इंग्रजी अक्षरांच्या इलेक्ट्रिक टाइपरायटरवर. पांढरी, पिवळी आणि गुलाबी अशा तीन प्रती, मध्ये कार्बन. मालकांचा हुकूमच होता तसा, आणि हुकमापुढे कुणाचं काय चालतं!

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"निरंजन. चाकणहून आलोय, आमच्या कंपनीचा माल न्यायला. मेंटेनन्सला असतो मी." पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. तो मशीनकडे बघत होता, हरवलेला मामा जत्रेत सापडल्यासारखा. "हे... हे अजून चालू आहे?"

"चालू असतं तर मी त्याला मारलं असतं का?"

"बघू का जरा? लातूरला माझ्या वडिलांचं याच मशिनींच्या दुरुस्तीचं दुकान होतं." आणि ती हो म्हणायच्या आत त्याने हेल्मेट टेबलावर ठेवून झाकण उघडलंसुद्धा. "सेफ्टी पिन आहे का, मॅडम?"

होती, पण ओढणीला. तिने ती काढून दिली आणि एका हाताने खांद्यावर ओढणी धरून उभी राहिली. मग त्याने अक्षरांच्या चकतीवर हळूच फुंकर घातली, पिनेचं टोक आत सरकवलं, आणि स्टेपलरची एक वाकडी टाचणी बाहेर काढली.

"हे गिळलं होतं त्यानं. बिचारं बोलणार कसं?"

बटण दाबताच मशीन गुणगुणायला लागलं. टेम्पो गेला, निरंजनही गेला, आणि जाताना तिची पिन शर्टाच्या खिशात घालून घेऊन गेला. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा ती एकटीच होती, खांद्यावर हात तसाच.

तशी स्वरूपा त्या मशीनची वैरीण होती. सहा महिन्यांपूर्वी कामाला लागली तेव्हापासून ती अर्जुनरावांच्या मागे लागली होती. कॉम्प्युटरवर तिने सर्टिफिकेटचा नमुना कधीचा तयार करून ठेवला होता. पण चऱ्होलीच्या मातीतला तो म्हातारा हलायला तयार नव्हता.

"पोरी, काम्पुटरवर एका बोटानं खोडता येतं. मंग त्ये सर्टिफिकेट कसलं? हितं खोडायची फीत वरच्या कागदावरनं अक्षर उचलती, तरी खालच्या प्रतींवर ऱ्हातंच. मला कायबी लपवता येत न्हाई, म्हून गिऱ्हाईक इस्वास ठेवतंय."

"अण्णा, पण एका चुकीसाठी लेखी कारण देऊन अख्खा फॉर्म रद्द करायचा?"

"व्हय. फॉर्मवर नंबर हाय. त्याचा हिशोब नको?" मग त्यांचा आवाज मवाळ व्हायचा. "कुसुम टाइप करायची, तवा मी भट्टीपाशी उभा ऱ्हाऊन ऐकायचो. टकटक थांबली की समजायचं, आकडा चुकला. मंग खोडताना तेवढीच टकटक पुन्यांदा... आता तुमच्या त्या किबोर्डाला काय आवाज हाय का? उंदीर पोहे खातोय म्हनावं."

अण्णांच्या पत्नीला, कुसुमताईंना जाऊन चार वर्षं झाली होती. स्वरूपा मुकाट्याने कार्बन लावायची आणि मनातल्या मनात मशीनला शिव्या द्यायची.

गंमत अशी, की निरंजन येऊन गेल्यापासून ते मशीन वरचेवर बिघडू लागलं. पहिल्या वेळी खरंच बिघडलं, दुसऱ्या वेळी थोडंसं. त्यानंतरचं विचारू नका.

"आज काय झालं, मॅडम?" फोनवर त्याचा आवाज यायचा, मागे प्रेसचे दणके.

"'ई' पुसट येतोय."

"परवा तर 'ए' पुसट होता."

"मग मी काय करू? मी घडवते का अक्षरं?"

"म्हणजे पुढच्या खेपेला 'आय'! तुमच्या मशीनला वळण आहे बघा, एकेक स्वर ओळीनं बिघडायलाय."

"येताय की नाही?"

"यायलोय की."

आणि यायचा! पहिली शिफ्ट संपवून, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर धूर खाऊन, चांगलं स्वच्छ अक्षर पुन्हा स्वच्छ करायला. जुन्या टूथब्रशने चकतीची एकेक पाकळी घासायचा, चहा प्यायचा, नको नको म्हणत बिस्किटांचा अर्धा पुडा संपवायचा. तिने कानातले बदलले की त्याचं बोलणं अर्ध्यात अडकायचं... मग तो पट्ट्याविषयी बोलायला लागायचा, मोटरविषयी, लातूरच्या दुकानाविषयी. तोंडातून मुद्द्याचं एक अक्षर निघेल तर शपथ! स्वरूपाला कधी कधी वाटायचं, ती स्टेपलरची टाचणी याच्याच घशात अडकली आहे. पिनेने काढावी म्हटलं, तर पिनही याच्याच खिशात.

मार्च संपत आला तसा एका मोठ्या गिऱ्हाइकाने निर्वाणीचा निरोप धाडला. सर्टिफिकेट ईमेलवर पाठवा, नाहीतर काम दुसरीकडे देतो. अर्जुनराव दोन दिवस भट्टीपासून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एक तारखेपास्नं लाव तुझा काम्पुटर. ह्ये मशीन देऊन टाकू भंगारात."

सहा महिन्यांची लढाई स्वरूपा जिंकली होती. त्या दुपारी तिला डबा गेला नाही. मशीन गेलं की मोशीचा धूर खात येणार कोण, आणि कशासाठी? आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्याचं तिला आता कळत होतं, आणि त्यासाठीही राग तिला निरंजनचाच येत होता.

शनिवारी तो आला तेव्हा तिने सरळ सांगून टाकलं. "एक तारखेपासून कॉम्प्युटर. मशीन भंगारात जाणार."

त्याच्या हातातला टूथब्रश थांबला. आता हा काहीतरी बोलेल... आता तरी बोलेल...

"बरं झालं," तो चकतीकडे बघत म्हणाला. "तुमचा त्रास वाचला."

त्रास वाचला! स्वरूपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन आल्याचं निमित्त करून ती बाहेर गेली आणि तेलाच्या पिंपाशेजारी फोन कानाला लावून नुसतीच उभी राहिली. आतून टकटक ऐकू येत होती. बराच वेळ चालली, थांबली, मग पुन्हा तितकाच वेळ चालली. रागाच्या भरात तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती आत आली तेव्हा तो हेल्मेट घालत होता.

"मशीन एकदम नीट आहे, मॅडम. येतो."

त्या 'येतो'त परत येण्याचं काहीच नव्हतं. मशीनमध्ये तिनेच मघाशी लावून ठेवलेला कोरा फॉर्म होता. तिने दात-ओठ खात त्यावर सर्टिफिकेट टाइप केलं, पांढरी प्रत पाकिटात घातली, पिवळी टेम्पोवाल्याच्या हातात कोंबली, गुलाबी फाइलला लावली. खालच्या प्रतींकडे नजरसुद्धा टाकली नाही.

सोमवारी सकाळी चाकणहून फोन आला. निरंजनच्याच कंपनीतला, माल तपासून घेणारा धम्मपाल बोलत होता.

"मॅडम, शनिवारचा माल मी होल्डवर ठेवलाय."

"का? हार्डनेस कमी आहे?"

"हार्डनेस बरोबर आहे हो. पिवळ्या प्रतीवर खाली शेऱ्याच्या चौकोनात इंग्रजी अक्षरांत मराठी काहीतरी आलंय. मोबाइलवर लिहितात तसं. वाचू का?" त्याने घसा साफ केला. "'मशीन नीट आहे. महिनाभर नीटच होतं. तुम्ही उगाच बोलावता आणि मी उगाच येतो. एक तारखेनंतर कशासाठी येऊ? तुम्ही फार आवडता. सांगायची हिंमत नाही, म्हणून खोडतोय.' मॅडम, हे कुठल्या बॅचबद्दल आहे?"

स्वरूपाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वेडा! अख्ख्या मशीनचं पोट माहीत असलेला मेकॅनिक, आणि आयुष्यभर एकेरी कागदावर चाचणी घेतलेली. वरच्या पानावरून एकेक अक्षर खोडून साळसूदपणे निघून गेला, आणि खाली दोन कार्बन आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं!

"नवीन सर्टिफिकेट द्या," धम्मपाल म्हणाला, "आणि जुनं का रद्द केलं त्याचं लेखी कारण. न्यायला आमच्या मेंटेनन्सच्या निरंजनला पाठवतो. तुमच्याकडचा रस्ता त्याला पाठ आहे म्हणे."

वळून बघते तो अर्जुनराव फाइल उघडून बसलेले. चष्मा नाकावर, गुलाबी प्रत हातात. त्यांनी ती दोनदा वाचली.

"काम्पुटरवर ह्ये घावलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"अण्णा..."

"रद्द कर आन् कारण लिही. नियम म्हंजे नियम." ते उठले, आणि दाराशी जाऊन पाठमोरेच म्हणाले, "खोटं कारण लिहू नको. या फारमावर आजवर कुनी खोटं लिहिल्यालं न्हाई."

तिने नवं सर्टिफिकेट टाइप केलं. तीनही प्रती तीनदा तपासल्या. मग जुनी गुलाबी प्रत मशीनमध्ये सरकवली आणि हात कळांवर ठेवून बसून राहिली. मशीन नुसतं गुणगुणत होतं. अखेर तिने श्वास घेतला आणि एका दमात टकटक केली. मधे थांबली नाही, काही खोडलं नाही.

निरंजन आला तो घामाघूम. "मॅडम, धम्मपाल म्हणायलाय सर्टिफिकेटात काहीतरी—"

तिने गुलाबी प्रत पुढे केली.

त्याने स्वतःची ओळ ओळखली आणि त्याचा चेहरा प्रतीच्याच रंगाचा झाला. "मी... मी खोडलं होतं हो."

"वरचं खोडलंत. खालच्यांचं काय? पिवळी प्रत तुमच्या अख्ख्या इनवर्ड खात्याने वाचली, माहितेय? महिनाभर चहा पाजला, बिस्किटं खाऊ घातली, आणि माणूस सांगतो कुणाला तर कार्बनला!"

"चुकलं. मी धम्मपालला सांगतो, तुमचा काही—"

"आधी खाली वाचा."

त्याने वाचलं. रद्द करण्याचं कारण: 'शेरा खरा आहे. दोन्ही बाजूंनी खरा आहे. फक्त मालाबद्दल नाही.'

त्याने मान वर केली. या खेपेला तो पट्ट्याकडे बघत नव्हता, मोटरकडेही नाही.

"मॅडम..."

"स्वरूपा."

"स्वरूपा," तो म्हणाला, आणि खिशातून तिची सेफ्टी पिन काढून टेबलावर ठेवली. ती रोज खिशात असायची, हे तिला न विचारता कळलं. "पण एक तारखेनंतर..."

"अण्णा मशीन भंगारात देणार नाहीत. मी मागून घेतलंय. चिंचवडला, गावठाणात, आमच्या घरी. आई-बाबा असतात घरी." ती पिन ओढणीला लावत होती, म्हणून तिला वर बघावं लागलं नाही. "तुझ्या कंपनीला सुट्टी कधी असते?"

"गुरुवारी."

"आमच्याकडे ते दर गुरुवारी बिघडणार आहे."

"कुठलं अक्षर?"

"'ओ' राहिलाय अजून," ती म्हणाली.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. स्वरूपाने आज त्याला वाजवू दिला.