चुनीलाल काकांचं अपडेट

शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

नंदुरबारच्या बाहेर, मिरची वाळत घालतात त्या पथारीवर गोकुळ राखणीला असे. त्या संध्याकाळी कामावर जाताना तो दाऊदभाईच्या मोबाईलच्या दुकानात डोकावला. मेसेजचं अ‍ॅप आज संध्याकाळपासून या फोनवर चालणार नाही, अशी सूचना आली होती. फोन त्याच्या चुनीलाल काकांचा, आणि काका जाऊन वर्ष झालेलं; तेव्हापासून तो गोकुळच वापरत होता. दाऊदभाईने फोन उलटापालटा केला. कंपन्या काही वर्षंच अपडेट देतात, मग नवा फोन घ्या म्हणतात, असं तो म्हणाला.

"कंपनीना हिशोबे हाऊ फोन मरी जायेल शे, भाऊ."

गोकुळला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला जरा सुटल्यासारखंच झालं. रनाळ्याच्या भूमिकाने दुपारीच लिहिलं होतं की उद्या तिला बघायला पाहुणे येताहेत, काय बोलायचं ते आज बोल. तेव्हापासून याने चार शब्द लिहिले होते आणि चारही पुसले होते. आता फोनच मेला म्हटल्यावर कोण काय करणार?

पथारीवर पोहोचला तेव्हा मजूर निघून गेले होते. लांबवर पसरलेली लाल मिरची अंधारात हळूहळू काळी पडत होती. वारा नव्हता. घशात खवखव तेवढी होती. खिशात फोन थरथरला.

'अपडेट आलं आहे.'

खाली एकच बटण, 'आता'. 'नंतर'चं बटण कुठेच नव्हतं. काकांनी जन्मभर तेवढंच दाबलं होतं, अपडेटला, डॉक्टरला आणि लग्नालाही. गोकुळने अंगठा टेकवला. फोन तव्यासारखा तापला. मिरचीच्या ठसक्यात काकांच्या विडीचा वास मिसळला... आणि फोनने आपणहून भूमिकाला कॉल लावला.

"हा, बोल," ती म्हणाली.

गोकुळने फोन या कानावरून त्या कानावर नेला. तेवढ्यात फोनमध्येच कुणीतरी खोकलं.

"पोरी, मी गोक्याना चुनीलाल काका. पोऱ्या चांगला शे, फक्त तोंड नही त्याले. तुले पसंत शे का?"

"काका... तुम्ही ते मांगला साल..."

"हा. ते ऱ्हाऊ दे. तू सांग."

मग ती हळूच म्हणाली, "शे पसंत. पण त्यानी इचाराले पाहिजे."

"गोक्या, बोल."

आता मागे काका आणि पुढे भूमिका. गोकुळने डोळे मिटले.

"उद्या... येऊ का मी?"

"पाव्हना येवाना पहिले ये."

सकाळी गोकुळने इस्त्रीचा शर्ट घातला, फोन घरीच पिठाच्या डब्यात खुपसला आणि पहिल्या बसने रनाळे गाठलं. भूमिकाचे वडील दारातच उभे होते. चेहरा उतरलेला, रात्रभर जागलेला. ओट्यावर त्यांनी एक पातेलं पालथं घातलं होतं आणि त्याखाली त्यांचा जुना बटणाचा फोन वाजत होता.

"बस, बाबा," ते म्हणाले. "मन्हा होकार शे. तुन्हा काकाले सांग, आते फोन नका करा."

त्यांनी मूठ उघडली. फोनची बॅटरी त्यांच्या हातात होती.

गोकुळने समोर आलेला चहा न फुंकताच पिऊन टाकला.